रॉड्रिग्ज नावाचा राजा

आमच्या शाळेत हजेरी इंग्रजी आद्याक्षरांनी चालायची. पाटील, परेरा, राऊत अशी गाडी सुरळीत चाललेली असताना एकदम रॉड्रिग्जांचा घोळका यायचा. रॉड्रिग्ज ए., रॉड्रिग्ज सी., रॉड्रिग्ज जे. आणि पुन्हा एक रॉड्रिग्ज जे. टीचरनी घाईत नुसतं आडनाव पुकारलं की मागच्या बाकांवरून तीन-चार 'प्रेझेंट टीचर' एकाच वेळी उठायचे. शाळा वसईच्या पट्ट्यातली, मिशनची. त्यामुळे यात कुणाला काही नवल वाटत नसे. आडनाव पोर्तुगीज, पोर्तुगीज इथे दोनशे वर्षं ठाण मांडून होते, विषय संपला.

पण हे नाव पोर्तुगालपेक्षा जुनं आहे. पोर्तुगालचा पहिला राजा गादीवर बसला ११३९ साली. त्याचं नाव अफोन्सो हेन्रिक्स, आणि गंमत म्हणजे त्याच्या नावाचे दोन्ही भाग पोर्तुगीज मातीतले नाहीत. ते आले उत्तरेकडून, जर्मानिक टोळ्यांबरोबर. अफोन्सो, फर्नांदो, गोन्सालो, आल्वारो, रोद्रिगो ही नावं ज्या भाषेतली, ती भाषा पोर्तुगाल जन्माला येण्याच्या कितीतरी आधी स्पेनच्या जमिनीवरून पुसली गेली होती. म्हणजे आपले फर्नांडिस, गोन्साल्विस, आल्वारिस आणि रॉड्रिग्ज हे सगळे एका मेलेल्या भाषेचे वारस. त्यातला रॉड्रिग्ज मला विशेष जवळचा, कारण त्याच्या मुळाशी एक राजा आहे आणि तो राजा हरलेला आहे.

जर्मानिक लोक नावं दोन तुकडे जोडून करत. तुकडे ठरलेले, ठेवणीतले: युद्ध, शांती, लांडगा, भाला, सत्ता, संपत्ती. कधीकधी बापाच्या नावातला एक आणि आईकडचा एक तुकडा घेऊन पोराचं नाव बांधायचं, मग त्याचा एकत्र अर्थ लागो न लागो. 'ह्रोथ' हा कीर्तीचा तुकडा. तो भाल्याला जोडला की रॉजर, लांडग्याला जोडला की रुडॉल्फ, तेजाला जोडला की रॉबर्ट. सत्तेच्या 'रिक'ला जोडला की रोडेरिक, म्हणजेच पुढचा रोद्रिगो. आपल्याकडचा कीर्तिराज म्हणा हवं तर. स्कँडिनेव्हियात हेच नाव ह्रोरेक झालं, आणि तिकडून नोव्हगोरोदला गेलेल्या एका दर्यावर्दी सरदाराच्या नावानं रशियाचं राजघराणं चाललं. रशियन बखरीप्रमाणे साल ८६२, नाव रुरिक. थंडीतला रॉड्रिग्ज. पण त्याची वाट वेगळी, तिकडे आत्ता नको जायला.

आपला रोडेरिक विसिगोथांचा, म्हणजे गोथ या जर्मानिक लोकांच्या एका शाखेचा. या लोकांनी ४१० साली रोम लुटलं, मग हळूहळू पश्चिमेला सरकत स्पेनमध्ये राज्य थाटलं आणि तोलेदोला राजधानी केली. रयतेच्या मानानं ते मूठभर. रयत लॅटिन बोलायची आणि दोनेक शतकांत राज्यकर्तेही तीच बोलायला लागले. त्यांच्या गोथिक भाषेचे फार थोडे शब्द आजच्या स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये उरलेत. नावं मात्र भरभरून उरली, कारण ती रयतेनं उचलली. बड्या लोकांची नावं आपल्या पोरांना ठेवायची हौस तेव्हाही होतीच. दहाव्या-अकराव्या शतकातली उत्तर पोर्तुगालची दानपत्रं, खरेदीखतं उघडली तर त्यात गोथिक नावांचा नुसता सुळसुळाट दिसतो, आणि ही नावं धारण करणाऱ्या शेतकऱ्यांत गोथ रक्ताचा थेंब असेलच असं अजिबात नाही.

तर हा रोडेरिक ७१० साली राजा झाला. सरळ मार्गानं नव्हे. ७५४ च्या सुमारास लिहिलेल्या एका लॅटिन बखरीत म्हटलंय की त्यानं दरबारी मंडळींच्या चिथावणीनं, दांडगाईनं राज्य बळकावलं. आधीच्या राजाचे लोक नाराज, ईशान्येला आखिला नावाचा दुसराच कुणी स्वतःच्या नावाची नाणी पाडतोय. रोडेरिकचीही थोडी नाणी सापडली आहेत. काही तोलेदोची, काही एगितानियाची. हे एगितानिया म्हणजे आजच्या पोर्तुगालमधलं इदान्या-अ-व्हेल्या नावाचं खेडं. नाण्यावर नाव आहे 'रुदेरिकुस'. या राजाबद्दल निःशंकपणे खरं म्हणावं असं जे थोडं आहे, त्यात हे सोन्याचे तुकडे येतात.

७११ च्या वसंतात तो उत्तरेला बास्क लोकांशी लढत होता, तेवढ्यात दक्षिणेला तारिक इब्न झियाद हा मुसलमान सेनापती आफ्रिकेतून समुद्र ओलांडून उतरला. जिथे उतरला त्या खडकाला आजही त्याचंच नाव आहे: जबल तारिक, म्हणजे जिब्राल्टर. रोडेरिक सगळा देश आडवा कापत खाली आला आणि जुलैमध्ये ग्वादालेते नदीच्या आसपास त्याच्या फौजेची धूळधाण झाली. राजा सापडला नाही. अरबी इतिहासकार सांगतात की त्याचा पांढरा घोडा चिखलात रुतलेला मिळाला, खोगिरावर माणकं-पाचू जडवलेले, आणि शेजारी एक पादत्राण. एकच.

प्रेत न मिळालेल्या राजाभोवती गोष्टी वाढल्या नाहीत तरच नवल. एक म्हणजे तोलेदोच्या कुलूपबंद वाड्याची. प्रत्येक नव्या राजानं त्या दाराला आपलं एक कुलूप घालायचं आणि आत डोकवायचं नाही, असा रिवाज. रोडेरिकनं कुलपं तोडली. आत काय, तर पागोटी घातलेल्या घोडेस्वारांची चित्रं आणि मजकूर असा की ज्या दिवशी हे दार उघडेल त्या दिवशी असे लोक हा देश घेतील. दुसरी गोष्ट समोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सेउताचा सुभेदार हुलियान याच्या मुलीची. ती तोलेदोच्या दरबारी होती, राजानं तिच्यावर हात टाकला आणि बापानं सूड म्हणून तारिकला गलबतं पुरवली.

ही दुसरी गोष्ट मला नेहमीच खटकते. जुन्या अरबी ग्रंथांत या मुलीला नावसुद्धा नाही. फ्लोरिंदा हे नाव तिला कित्येक शतकांनी चिकटवलं, आणि त्याआधीपासून चिकटलेलं 'ला कावा' हे नाव स्पॅनिशमध्ये शिवीच्या अंगानं जाणारं. बलात्कार राजानं केला, फितुरी बापानं केली, राज्य सरदारांच्या भाऊबंदकीनं गेलं आणि 'स्पेन बुडवणारी' ठरली ती. फार ओळखीचं वाटतं, नाही?

रोडेरिकचं खरं स्मारक स्पेनमध्ये नाहीच. ते जॉर्डनमध्ये आहे. अम्मानच्या पूर्वेच्या वाळवंटात कुसैर अम्र नावाची एक बसकी, घुमटांची इमारत आहे. तारिकची फौज ज्यांची, त्या उमय्यद खलीफांच्या घराण्यातला शाहजादा वलीद इब्न यझीद याचा हा हमामखाना-कम-मौजमहाल. खलीफा होण्याच्या आधी, म्हणजे ७४३ पूर्वी त्यानं हे बांधलं. आतल्या भिंतींवर माणसाच्या हौशीचं सगळं सामान रंगवलंय: रानगाढवांची शिकार, न्हाणाऱ्या बायका, वीणेसारखं वाद्य वाजवणारं अस्वल, घुमटात नक्षत्रं. आणि एका भिंतीवर सहा राजे ओळीनं उभे, हात पुढे केलेले. चौघांच्या डोक्यावर ग्रीक आणि अरबी अशा दोन्ही लिप्यांत नावं वाचता आली आहेत: कैसर, खुस्रो, हबशांचा राजा नजाशी आणि रोडेरिक. उरलेले दोन कोण यावर पंडितांची तकतक चालू आहे. कुणी चीनचा सम्राट म्हणतं, कुणी तुर्कांचा खाकान, एखादा हिंदुस्थानचा राजाही सुचवतो.

या चित्राचे फोटो मी जरा जास्तच वेळ बघत बसते. रोडेरिकचा भाग फार खराब झालाय. शोध लागल्यावर भिंतीवरून चित्रं उतरवून नेण्याचेही प्रयत्न झाले, त्यात आणखी नुकसान झालं. चेहरा असा काही उरलेला नाही. पण विचार करा, जेमतेम वर्षभर राज्य केलेला, घरातल्यांनाही धड मान्य नसलेला हा माणूस. त्याला रोमच्या कैसराच्या आणि इराणच्या खुस्रोच्या पंगतीत बसवलं ते त्याला हरवणाऱ्यांनी. जिंकणाऱ्याला आपला शत्रू मोठा असणं परवडतं, किंबहुना हवंच असतं. अरबी लिपीत त्याचं नाव पुढे 'लुधरीक' असं रूढ झालं. पहिलं अक्षर बदललं तरी माणूस ओळखू येतो.

इतक्या अपशकुनी राजाचं नाव खरं तर लोकांनी टाकायला हवं होतं. आपल्याकडे सहसा कुणी हौसेनं विभीषण ठेवत नाही. तिकडे उलट झालं. हरलेल्या राजाचं नाव तीनशे वर्षांनी स्पेनच्या सगळ्यात गाजलेल्या लढवय्याला मिळालं. रोद्रिगो दियाझ, बुर्गोसजवळच्या विवारचा, जन्म १०४३ च्या सुमाराचा. जग त्याला 'एल सिद' म्हणून ओळखतं आणि 'सिद' म्हणजे आपला सय्यदच, अरबीतला मालक, धनी. गोथिक नाव, अरबी बिरुद. शाळेच्या पुस्तकांत त्याला धर्मयोद्धा करून टाकलंय. पण १०८१ मध्ये राजा अल्फोन्सोनं हद्दपार केल्यावर हा गडी सरळ सारागोसाच्या मुसलमान अमिराच्या चाकरीत गेला आणि त्याच्या बाजूनं बार्सिलोनाच्या ख्रिस्ती काउंटशी लढून त्याला कैद केलं. १०९४ मध्ये वलेन्सिया जिंकलं ते स्वतःसाठी. मराठी वाचकाला असा माणूस समजावून सांगावा लागत नाही. दख्खनच्या शाह्यांत चाकरी बदलणारे सरदार आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेत.

सालामांकाच्या कॅथेड्रलच्या दफ्तरात १०९८ चा एक चर्मपत्राचा कागद आहे. वलेन्सियाच्या चर्चला दिलेलं दानपत्र. त्याखाली एक ओळ आहे: 'एगो रुदेरिको', मी रुदेरिको, माझ्या पत्नीसह वर लिहिलेलं कायम करतो. ही ओळ त्याच्याच हातची असावी असं मानतात. पुढच्याच वर्षी, १०९९ मध्ये तो वारला. मग त्याची बायको हिमेना हिनं वलेन्सिया तीन वर्षं लढवलं. पोवाडे मात्र त्याच्या तलवारीवर आणि घोड्यावर.

यानंतर नावाला बरकतच आली. तोलेदोचा आर्चबिशप रोद्रिगो हिमेनेझ दे रादा यानं तेराव्या शतकात स्पेनचा इतिहास लिहिला आणि त्यात कुलूपबंद वाड्याची गोष्ट घातली. रोद्रिगोनं सांगितलेली रोद्रिगोची गोष्ट. तोलेदोच्या आजच्या कॅथेड्रलचं काम सुरू झालं तेही याच्याच कारकिर्दीत. १४९२ च्या १२ ऑक्टोबरला कोलंबसच्या 'पिंता' जहाजावरून जमीन पहिल्यांदा दिसली ती रोद्रिगो दे त्रियाना नावाच्या खलाशाला. ठरलेलं वर्षासन मिळालं कोलंबसला. आपणच आदल्या रात्री उजेड पाहिला होता, असं साहेबांचं म्हणणं. आणि त्याच वर्षी पोप झाला रोद्रिगो बोर्जा, म्हणजे सहावा अलेक्झांडर, हातिवाचा, वलेन्सियाच्याच मुलखातला. त्यानं १४९३ मध्ये फर्मान काढून नव्या जगावर एक उभी रेघ मारली. ती पुढच्या वर्षी तोर्देसियासच्या तहात सरकवली गेली, पण मूळ कल्पना तीच: पश्चिम स्पेनची, पूर्व पोर्तुगालची. या पोपाबद्दल चघळायला पुष्कळ आहे, ते इतरांनी भरपूर चघळलंय. आपल्याला त्या रेघेशी मतलब. ती नसती तर वसईच्या हजेरीपटावर तो घोळकाही नसता.

तोवर रोद्रिगोचा रॉड्रिग्ज झाला होता. 'एस' हा शेपटीचा भाग म्हणजे 'चा मुलगा'. रोद्रिगोचा पोर रोद्रिगेश, फर्नांदोचा फर्नांदेश, आल्वारोचा आल्वारेश. आधी दर पिढीला बदलणारं हे बापाचं नाव पुढे थिजलं आणि आडनाव झालं. आपल्याकडे मधलं नाव जे काम करतं तेच, फक्त गोठलेलं.

इथे एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. पोर्तुगालच्या मध्यभागात विझेउ नावाचं शहर आहे. नवव्या शतकाच्या शेवटच्या एका बखरीत म्हटलंय की या गावात एक कबर सापडली आणि तिच्यावर लिहिलेलं होतं, 'येथे गोथांचा राजा रुदेरिक विसावला आहे.' खरं-खोटं कुणी ठरवायचं? पण याच विझेउच्या परिसरातल्या वोझेलाचा सिमाओ रॉड्रिग्ज. जेझुइट हा धर्मप्रसारकांचा संघ काढणाऱ्या इग्नेशियस लोयोलाच्या पहिल्या सवंगड्यांपैकी एक. हिंदुस्थानात पाठवायच्या जेझुइटांत याचं नाव होतं. लिस्बनला पोहोचल्यावर राजा तिसऱ्या जॉननं त्याला तिथेच ठेवून घेतलं. जोडीदार त्याच्याशिवाय निघाला आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. तो जोडीदार म्हणजे फ्रान्सिस झेवियर. ओल्ड गोव्याला ज्याच्या शवप्रदर्शनाला आजही लाखो लोक लोटतात, त्याच्याबरोबर यायचा होता एक रॉड्रिग्ज.

त्याच विझेउकडच्या सेर्नान्सेल्यचा जुआंव रॉड्रिग्ज. हा पोरगेला असतानाच पूर्वेकडे निघाला आणि १५७७ मध्ये जपानला पोहोचला. तिथे जपानी अशी शिकला की जपानचे सत्ताधीश हिदेयोशी आणि मग इएयासू यांचा दुभाषा झाला. लोक त्याला 'त्सूजी' म्हणजे दुभाषी याच नावानं ओळखत. जपानीचं पहिलं छापील मोठं व्याकरण त्याचं, नागासाकीला १६०४ ते १६०८ या काळात छापलेलं. साधारण त्याच काळात इकडे गोव्यात फादर स्टीफन्स मराठीत ओव्या रचत होता. दोघंही जेझुइट, दोघंही दुसऱ्याच्या भाषेत बुडालेले. रॉड्रिग्जला १६१० मध्ये जपान सोडावं लागलं, मेला तो मकाऊत.

पण आपल्याकडे आडनाव पसरलं ते अशा मोठ्या लोकांमुळे नव्हे. ते पसरलं बाप्तिस्म्याच्या कुंडाशी. १५१० मध्ये गोवा, १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, आणि धर्मांतर झालं की नव्या ख्रिस्ती माणसाला पहिलं नाव एखाद्या संताचं, आडनाव बहुधा धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं मिळायचं. धर्मपिता हा कुणीतरी पोर्तुगीज सरदार, शिपाई, कारकून. त्याचं आडनाव रॉड्रिग्ज असेल तर अख्खं घर, कधी अख्खी आळी रॉड्रिग्ज. म्हणूनच एका गावातले दोन रॉड्रिग्ज नातलग असतीलच असं नाही, आणि एकाच मूळ कुळातली दोन घरं एक डिमेलो, एक रॉड्रिग्ज असू शकतात. सोयरीक जुळवताना हे सगळं जुन्या बायकांना तोंडपाठ असतं. मंगळूरकडच्या कोंकणी कॅथलिकांत तर प्रभू, कामत, शेट, नायक ही मागची आडनावं कित्येक घरांत अजून सांगतात.

यात जबरदस्ती होती का? होती, कमीजास्त. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं धर्मन्यायालय, बसलं १५६० मध्ये, ते विसरून हा इतिहास गोड करण्यात अर्थ नाही. पण म्हणून ते नाव परकं, तात्पुरतं, असं म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ च्या मेमध्ये वसई घेतली, पोर्तुगीज गेले. नावं राहिली. गोव्यातून १९६१ मध्ये गेले. नावं राहिली. स्पेनमध्ये गोथ गेले तेव्हाही हेच झालं होतं. रॉड्रिग्ज हे नाव कधी रक्तातून चाललंच नाही. गोथांकडून लॅटिन बोलणाऱ्या शेतकऱ्यांकडे, त्यांच्या पणतू-खापरपणतूंकडून आगाशी-निर्मळच्या केळीवाल्यांकडे. प्रत्येक वेळी देणारा निघून गेला आणि घेणाऱ्यानं ते आपलं करून टाकलं. सामवेदी बोलीत भांडणारा, घरच्या वाडीतली सुकेळी विकणारा रॉड्रिग्ज हा विझेउच्या रॉड्रिग्जइतकाच अस्सल. तोही काही गोथ नव्हताच.

फिलिपिन्समध्ये याहून कोरडा प्रकार झाला. तिथले गव्हर्नर नार्सिसो क्लावेरिया यांनी १८४९ मध्ये आडनावांची एक भलीमोठी यादीच काढली आणि गावोगाव वाटली. करवसुलीला सोपं जावं म्हणून. काही गावांत सगळ्यांची आडनावं एकाच अक्षरानं सुरू होतात ती त्यामुळे. पहिली नावं मात्र तिथेही संतांची आणि स्पॅनिश रिवाजाची. २०१६ ते २०२२ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेले दुतेर्ते यांचं पहिलं नाव रोद्रिगोच. मार्च २०२५ मध्ये त्यांना अटक करून हेगला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे नेलं. पोपच्या रेघेच्या दुसऱ्या बाजूचा हा रोद्रिगो.

हिंदी महासागरात तर या नावाचं बेटच आहे. दियोगो रॉड्रिग्ज नावाच्या पोर्तुगीज दर्यावर्दीवरून नाव पडलेलं, आज मॉरिशसच्या ताब्यातलं, मॉरिशसपासून साडेपाचशे-सहाशे किलोमीटर पूर्वेला. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर कोकणातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही गणपती बसवतात, आणि त्यांच्या टीव्हीवर हवामानाच्या बातमीत रोज 'रॉड्रिग'ला पाऊस आहे की नाही ते सांगतात. फ्रेंचांनी शेवटचा 'एस' गिळून टाकला.

आता आमच्याकडे पहिली नावं बदलली आहेत. आजोबा पास्कू, बाप सुनील, नातू रायन किंवा आरव. आडनाव तेवढं जागच्या जागी. मागे एका लग्नाच्या पत्रिकेत नवरदेवाचं नाव वाचलं: रॉड्रिक रॉड्रिग्ज. घरच्यांना 'आर' अक्षराचा ठेका आवडला असावा. आता हे इंग्रजी रॉड्रिक नाव स्कॉटलंडमध्ये खपलं ते रुअरी या गेलिक नावाचं साहेबी रूप म्हणून, आणि त्या गेलिक नावाचा गोथांशी काडीचा संबंध नाही. म्हणजे पहिलं नाव गोथिक कोटातला स्कॉटिश माणूस, आडनाव पोर्तुगालच्या वाटेनं आलेला गोथ, आणि दोन्ही मिळून अर्थ रोद्रिगोचा मुलगा रोद्रिगो. मधलं नाव वडिलांचं होतं. ते रॉबर्ट.